मत्स्यांची उत्क्रांती : जीवाश्मांचा पुरावा

पृष्ठवंशी प्राण्यांच्या इतिहासाचे जे दप्तर खडकांच्या थरांत जतन झाले आहे, त्यातील अगदी आरंभीच्या नोंदींत, चीनमधील चेंगजियांग येथे सापडलेल्या, सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वीच्या, बोटाच्या पेराएवढ्या जबडाहीन हायकोइक्थिसची गणना होते. पुढे अस्थिकवचाने मढलेले जबडाहीन मत्स्य आले. परंतु या वंशातील खरी क्रांती जबड्याच्या उत्पत्तीने घडली, कारण तिच्यामुळेच मोठे भक्ष्य पकडून फाडणे शक्य झाले. डेव्होनियन कल्पातील डंक्लिऑस्टिअस या अजस्र चिलखती मत्स्याला दात नव्हते. एकमेकींवर घासून पाजळलेल्या जबड्याच्या अस्थिपट्टांच्या कडाच दातांचे काम करीत.

जल व भूमी यांमधील संक्रमणाचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा टिक्टालिक होय. ज्या वयाच्या व ज्या नदीगाळाच्या खडकांत असा प्राणी असावयास हवा, त्यांचा आधी अंदाज बांधून पुराजीववैज्ञानिक नील शुबिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील एल्समिअर बेटावर शोध घेतला आणि २००४ साली तो तेथेच मिळाला. पुराजीवविज्ञानाच्या सामर्थ्याची याहून सुंदर साक्ष क्वचितच आढळेल. टिक्टालिकचे खवले व पर माशाचे. परंतु मस्तक चपटे, मान मोकळी आणि परांच्या आत खांदा, कोपर व मनगट यांच्याशी जुळणारी हाडे आहेत.

मत्स्यांचे जीवाश्म भारतातही सापडले आहेत. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथील लॅमेटा नावाच्या खडकथरांतील मत्स्यजीवाश्मांचे वर्णन आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केले.