मोटारगाडीच्या वातानुकूलन यंत्रणेतील बिघाड व दुरुस्ती

मोटारगाडीची वातानुकूलन यंत्रणा, म्हणजेच बोलीभाषेतील एसी, ही गाडीच्या आतील हवा थंड व कोरडी करणारी यंत्रणा होय. तिच्यातील बिघाडाचे निदान हवेचा प्रवाह, विद्युत मंडल आणि प्रशीतकाचे मंडल अशा तीन अंगांनी केले जाते. प्रशीतकाला गॅरेजमध्ये सरसकट गॅस म्हणतात. तो बंद मंडलात फिरत राहतो. इंधनाप्रमाणे जळत किंवा संपत नाही. रबरी नळ्या व सांध्यांमधून वर्षानुवर्षांत तो अत्यल्प प्रमाणात निसटतो, हे खरे. परंतु एका हंगामात गार हवा येणे बंद झाले आणि गॅस कमी आढळला, तर कोठेतरी गळती आहे असाच त्याचा अर्थ होतो. म्हणून गळती न शोधता केवळ गॅस भरणे ही दुरुस्ती ठरत नाही.

कार्यपद्धती

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर प्रशीतकाची वाफ दाबून तिचा दाब व तापमान वाढवतो. ही तप्त वाफ रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जाते आणि बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रवरूप होते. हा द्रव शोषक पदार्थ असलेल्या ड्रायरमधून प्रसरण झडपेपाशी येतो. झडपेच्या अरुंद छिद्रातून बाहेर पडताच त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागील बाष्पकात तो उकळू लागतो. बाष्पकाला कारागीर कूलिंग कॉइल म्हणतात. उकळण्यासाठी लागणारी उष्णता गाडीतील हवेतून घेतली जाते व हवा थंड होते. ब्लोअर ही हवा झरोक्यांतून आत सोडतो, तर वाफ पुन्हा कॉम्प्रेसरकडे परतते.

आर-१३४ए हा प्रशीतक वातावरणाच्या दाबाला सुमारे उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. मापकावर सुमारे ३० पीएसआय दाब असताना मात्र त्याचा उत्कलनबिंदू शून्याच्या किंचित वर असतो. कमी दाबाची बाजू याच आसपास राखली जाते. त्यामुळे कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी होते, पण बर्फ धरत नाही. हे पाणी नळीवाटे गाडीखाली ठिबकते. कोकणासारख्या दमट प्रदेशात ते अधिक प्रमाणात दिसते; त्यात बिघाड नसतो.

बिघाडाची लक्षणे

* हवेचा झोतच कमी असणे : केबिन फिल्टर धुळीने भरणे, ब्लोअरची मोटार मंदावणे. ब्लोअर केवळ सर्वांत वरच्या वेगावर चालत असल्यास त्याचा रेझिस्टर जळालेला असण्याची शक्यता अधिक असते. या दोषांचा गॅसशी संबंध नसतो.
* गाडी उभी असताना हवा गरम व धावताना गार येणे : कंडेन्सरचा पंखा बंद असणे किंवा कंडेन्सरच्या पात्या मातीने बुजणे.
* सुरुवातीला उत्तम गारवा व काही वेळाने झोत क्षीण होणे : कॉइलवर बर्फ जमणे. यंत्रणा थोडा वेळ बंद ठेवल्यावर झोत पूर्ववत होतो.
* कॉम्प्रेसर न लागणे : फ्यूज, रिले, दाबाचा स्विच किंवा क्लचची कॉइल यांतील दोष, अथवा गॅस अपुरा असणे.
* एसी लावताच घरघर किंवा खडखड ऐकू येणे : क्लचचे बेअरिंग किंवा कॉम्प्रेसरचे अंतर्गत भाग झिजणे.
* कुबट वास येणे किंवा पायाखालचा गालिचा भिजणे : कॉइलवर बुरशी वाढणे किंवा पाणी बाहेर नेणारी नळी तुंबणे.

निदान

निदानाचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे असतो. प्रथम फिल्टर, पट्टा व पंखा पाहिले जातात. नंतर नळ्यांचे सांधे, कंडेन्सर व कॉम्प्रेसरचा दांडा तपासतात. प्रशीतकाबरोबर वंगणतेलही मंडलात फिरत असल्याने गळतीच्या जागी बहुधा तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो.

त्यानंतर विद्युत मंडल तपासले जाते. गॅस फार कमी झाल्यास दाबाचा स्विच कॉम्प्रेसरचा पुरवठा तोडतो, कारण गॅसबरोबर परतणारे तेलही अशा वेळी अपुरे पडते. स्विचच्या तारा जोडून कॉम्प्रेसर 'डायरेक्ट' चालवल्यास तो वंगणाविना घासला जातो. काही रुपयांच्या रबरी कडीचा दोष मग संपूर्ण कॉम्प्रेसरच्या खर्चावर जातो.

प्रशीतकाच्या मंडलाची तपासणी दोन मापकांच्या संचाने होते. आर-१३४ए वापरणाऱ्या गाडीत बाहेरचे तापमान ३० ते ३५ अंश असताना कमी बाजूला साधारणपणे २५ ते ४५ पीएसआय आणि जास्त बाजूला १७५ ते २५० पीएसआय दाब आढळतो. नेमके आकडे गाडीनुसार व कॉम्प्रेसरच्या प्रकारानुसार बदलतात. म्हणून उत्पादकाची पुस्तिका प्रमाण मानावी. वाचनाचा सर्वसाधारण अर्थ पुढीलप्रमाणे लावतात :

* दोन्ही बाजू कमी : गॅस अपुरा, म्हणजेच गळतीचा संशय.
* दोन्ही बाजू जास्त : कंडेन्सर थंड न होणे, गॅस प्रमाणाबाहेर भरलेला असणे किंवा मंडलात हवा शिरणे.
* कमी बाजू जास्त व जास्त बाजू कमी : कॉम्प्रेसरची दाबण्याची क्षमता घटणे.
* कमी बाजू निर्वाताकडे झुकणे : प्रसरण झडप किंवा ड्रायर तुंबणे.

यंत्रणा बंद असतानाच्या दाबावरून मात्र गॅसचे प्रमाण कळत नाही. मंडलात द्रवाचा थोडा अंश शिल्लक असला, तरी ३० अंश तापमानाला मापक सुमारे ९५ ते १०० पीएसआयच दाखवतो. निम्मा गॅस गळून गेल्यावरही हा आकडा जवळपास तोच राहू शकतो.

गळती शोधण्यासाठी साबणाचे पाणी, इलेक्ट्रॉनिक शोधक किंवा अतिनील प्रकाशात चमकणारा रंग वापरतात. रिकाम्या मंडलात कोरडा नायट्रोजन भरून दाब टिकतो की नाही, हेही पाहतात. डॅशबोर्डमागील कॉइलची गळती डोळ्यांना दिसत नाही. तेथे झरोक्यापाशी किंवा पाणी जाणाऱ्या नळीपाशी शोधक धरला जातो.

दुरुस्ती

मंडल उघडण्यापूर्वी उरलेला गॅस यंत्राने काढून घेतला जातो. तो हवेत सोडू नये. सदोष कडी, नळी, कंडेन्सर किंवा कॉइल बदलताना ड्रायरही बदलणे इष्ट असते, कारण उघड्यावर त्यातील शोषक हवेतील ओलावा शोषून निकामी होतो. कॉम्प्रेसर आतून फुटला असल्यास धातूचे कण मंडलभर पसरलेले असतात. अशा वेळी नळ्या धुणे, प्रसरण झडप बदलणे आणि आधुनिक गाड्यांतील बारीक वाहिन्यांचा कंडेन्सरही बदलणे आवश्यक ठरते. अन्यथा नवा कॉम्प्रेसरही अल्पावधीत बिघडतो.

जोडणी झाल्यावर मंडल साधारण अर्धा तास निर्वात केले जाते. तीस अंश तापमानाला वातावरणाच्या सुमारे चार टक्के दाबावर पाणी उकळते. त्यामुळे आत राहिलेला ओलावा वाफ होऊन निघून जातो. ओलावा मागे राहिल्यास झडपेत बर्फ अडकतो आणि तेलाशी संयोग होऊन आम्ले तयार होतात. पंप बंद केल्यावर निर्वात टिकून राहिले, तरच गॅस भरतात. गॅस इंजिनाच्या कप्प्यातील पट्टीवर दिलेल्या वजनाइतकाच, ग्रॅममध्ये मोजून भरला जातो. जादा गॅसमुळे गारवा वाढत नाही. दाब वाढतो आणि गारवा उलट घटतो.

सुरक्षितता

द्रवरूप प्रशीतक त्वचेवर किंवा डोळ्यांत उडाल्यास हिमदंश होतो. त्यामुळे चष्मा व हातमोजे अनिवार्य आहेत. गळतीच्या चाचणीसाठी ऑक्सिजन किंवा दाबलेली हवा वापरू नये. दाबाखाली आर-१३४ए व हवा यांचे काही प्रमाणातील मिश्रण पेट घेऊ शकते. स्वस्त पर्याय म्हणून स्वयंपाकाच्या गॅससारखे ज्वलनशील वायू भरणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण कॉइल फुटल्यास असा वायू थेट प्रवाशांच्या कक्षात साठतो. विद्युत व हायब्रिड गाड्यांतील विद्युत कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो व त्यास विद्युतरोधक तेल लागते. असे काम प्रशिक्षित कारागिरानेच करावे.

पर्यावरण

अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये कारखान्यात बसवलेली वातानुकूलन यंत्रणा दिली. त्यानंतर अनेक दशके मोटारींत आर-१२ हा प्रशीतक प्रचलित होता. तो ओझोनच्या थराची हानी करत असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्याचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्यात आला व आर-१३४ए पुढे आला. तो ओझोनला घातक नाही. परंतु शंभर वर्षांच्या काळात त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट मानली जाते. म्हणजे अर्धा किलो गॅसची गळती सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी हानी करते. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा प्रशीतकांच्या कपातीचा मार्ग ठरवला. युरोपीय संघात २०१७ पासून नव्या मोटारींत आर-१३४ए वापरता येत नाही. तेथे प्रामुख्याने आर-१२३४वायएफ वापरला जातो. तो सौम्य ज्वलनशील असून त्याची हत्यारे व जोडण्या वेगळ्या असतात.

निगा

केबिन फिल्टर ठरलेल्या अंतराने बदलणे, कंडेन्सर कमी दाबाच्या पाण्याने धुणे आणि थंडी-पावसाळ्यातही अधूनमधून एसी चालवणे उपयुक्त असते. त्यामुळे तेल मंडलात फिरून सांध्यांतील रबर कोरडे पडत नाही. दुरुस्तीच्या पावतीवर गळतीची जागा, बदललेला भाग आणि भरलेल्या गॅसचे वजन यांची नोंद असावी. पुढील बिघाडाच्या वेळी निदानाला तीच आधारभूत ठरते.

हेही पाहा

* प्रशीतन
* ओझोनचा थर
* माँट्रियल करार