नाशिकरोडची शाई आणि श्नायरचे कूटशास्त्र

भारतातील सुरक्षा-मुद्रणाचा, म्हणजे सहजी नक्कल होऊ नये अशा बेताने केलेल्या छपाईचा, इतिहास नाशिकरोडला वगळून लिहिताच येत नाही. १९२५ पूर्वी हिंदुस्थानची टपाल तिकिटे लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून बोटीने येत असत. हे परावलंबन संपवण्यासाठी सरकारने मुंबईच्या टांकसाळीचे प्रमुख विलिस आणि मुद्रण-नियंत्रक अ‍ॅस्कोली यांना अभ्यासासाठी विलायतेस धाडले, आणि हवामान चांगले व मुंबईचा लोहमार्ग हाताशी, म्हणून नव्या मुद्रणालयासाठी नाशिकची निवड झाली. १९२५ मध्ये सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि १९२८ मध्ये तिच्या शेजारी नोटा छापणारी करन्सी नोट प्रेस आली. पुढे नाशिकरोडच्या बोलीत नुसते ‘प्रेस’ म्हटले की भागू लागले. वर्तमानपत्राशी त्या शब्दाचा संबंध जोडणारा माणूस हमखास बाहेरगावचा ठरावा.

या कारागिरीचे एक वैशिष्ट्य विचार करण्यासारखे आहे. जलचिन्ह, म्हणजे कागद ओल्या लगद्याच्या अवस्थेत असताना त्याची जाडी कमीजास्त करून उमटवलेली व उजेडासमोर धरल्यावर दिसणारी आकृती, तसेच कोरीव पत्र्यावरून प्रचंड दाबाने छापल्यामुळे बोटाला लागणारा शाईचा उंचवटा, या खुणा लपवल्या तर जात नाहीतच, उलट खरी नोट कशी ओळखावी हे रिझर्व्ह बँक जाहिराती देऊन लोकांना शिकवते. कूटशास्त्रात, म्हणजे मजकूर सांकेतिक करण्याच्या शास्त्रात, याच्याशी नाते सांगणारे तत्त्व १८८३ मध्ये केर्कहोफ्स यांनी मांडले होते: पद्धत शत्रूला ठाऊक झाली तरी हरकत नसावी, गुप्त राहावी ती केवळ किल्ली.

संगणकाच्या काळात या तत्त्वाचा सर्वांत खणखणीत पुरस्कार करणाऱ्यांत ब्रूस श्नायर यांचे नाव अग्रभागी येते. १९६३ मध्ये न्यूयॉर्क येथे जन्मलेल्या श्नायर यांनी १९९३ मध्ये ‘ब्लोफिश’ ही सांकेतिकीकरणाची पद्धत रचली आणि कोणीही विनामूल्य वापरावी म्हणून ती जगापुढे उघडी ठेवली. पत्त्यांच्या एका जोडावर हाताने चालवता येईल अशी पद्धतही त्यांनी एका कादंबरीसाठी तयार केली, तीत पुढे इतरांनी उणीव शोधली हा भाग वेगळा. या गृहस्थाने उपाहारगृहांची समीक्षाही लिहिली आहे, आणि त्याने सहलेखिकेसह लिहिलेल्या अशाच एका मार्गदर्शिकेला २००० मध्ये विज्ञानकथांच्या प्रतिष्ठित ह्यूगो पुरस्काराचे नामांकन मिळाले. संगणक-मंडळींनी त्याच्याविषयी अचाट विनोद रचले आहेत. कूटशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत एकमेकांना निरोप धाडणारी अ‍ॅलिस आणि बॉब ही काल्पनिक जोडी असते. त्या दोघांचे गुपित श्नायर यांना म्हणे आधीच ठाऊक असते.

तथापि श्नायर यांचे खरे मोठेपण विनोदांतील सर्वज्ञतेत नसून त्या सर्वज्ञतेवर त्यांनी स्वतःच ओढलेल्या रेघेत आहे. गणिताच्या बळावर सर्व काही सुरक्षित करता येईल अशी उमेद त्यांच्या १९९४ च्या गाजलेल्या ग्रंथात होती. २००० च्या पुस्तकात त्यांनी ती चूक असल्याचे मान्य केले आणि दुबळा दुवा बहुधा माणसे, त्यांच्या सवयी व त्यांची कार्यपद्धती यांत असतो, असे मांडले.

नाशिकला या सिद्धांताचा पुरावा बाहेरून आणावा लागला नाही. अब्दुल करीम तेलगी याच्या बनावट मुद्रांक घोटाळ्याच्या तपासात असे उघड झाले की, नाशिकच्या प्रेसमधून भंगार म्हणून निघालेली यंत्रे त्याच्या हाती पडली होती. म्हणजे शाई, कागद व कोरीवकाम यांवर इतकी बुद्धी खर्चल्यानंतर बाजी उलटली ती जुन्या यंत्राची विल्हेवाट कशी लावली जाते यावर. ज्या यंत्रावर खरा मुद्रांक छापता येतो त्यावर खोटाही तितकाच सुबक उतरतो, हे उमगायला गणित लागत नाही.

श्नायर आणि नाशिक यांच्या वाटा सर्वांत जवळ येतात त्या पारपत्रापाशी. पारपत्रात बिनतारी वाचता येणारी चिप बसवण्यास त्यांचा विरोध होता, कारण धारकाच्या नकळत ती दुरून वाचली जाण्याचे भय होते. चिप येण्यापूर्वीच पारपत्राचे नूतनीकरण करून घ्यावे, असा सल्ला त्यांनी २००६ मध्ये अमेरिकी नागरिकांना दिला. जगाने तो मानला नाही. भारतातील पहिले ई-पारपत्र २००८ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती, जळगावच्या प्रतिभा पाटील यांना देण्यात आले, आणि त्या पुस्तिका नाशिकरोडच्याच. श्नायर यांचा आक्षेप मात्र वाया गेला असे म्हणणे घाईचे होईल, कारण परस्पर वाचन रोखण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकांत जी मूळ पद्धत आहे तीत चिप उघडणारी किल्ली पारपत्र क्रमांक, जन्मतारीख आणि मुदतीची तारीख यांवरून तयार होते. हे तिन्ही तपशील पुस्तिकेच्या आतील पानावर छापलेले असल्यामुळे अधिकाऱ्याला ती आधी उघडून यंत्राखाली धरावी लागते.