डेम्लो संख्या : १२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकी पूर्णांक. १११११११११ (नऊ एक) या संख्येचा वर्ग. डहाणूत जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) हे देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. त्यांनी अभ्यासलेल्या डेम्लो संख्यांपैकी ही सर्वांत देखणी. तत्कालीन जी. आय. पी. रेल्वेवरील डेम्लो (आजची डोंबिवली) स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून हे नाव. मूळ व्याख्या मात्र अधिक व्यापक आहे : संख्येच्या दोन टोकांच्या भागांची बेरीज मधल्या पुनरावृत्त अंकाइतकी यावी. उदा., १६५ (१ + ५ = ६), २५५३ (२ + ३ = ५).

प्रस्तुत संख्या उलटसुलट वाचली तरी तीच राहते. अंकांची बेरीज ८१. मूळ अवयव ३⁴ × ३७² × ३३३६६७², त्यामुळे एकूण विभाजक ४५. पूर्ण वर्ग असल्याने विभाजकांची संख्या विषम असणारच. तिला ८१ ने गुणल्यास ९९९९९९९९९ चा वर्ग, म्हणजे ९९९९९९९९८००००००००१ येतो. त्याचे नऊ-नऊ अंकी दोन तुकडे मिळवले की पुन्हा ९९९९९९९९९. हीच कापरेकर संख्येची खूण.

हे सौंदर्य दशमान पद्धतीत नऊ एकांपर्यंतच टिकते. दहा एकांचा वर्ग करताना हातचे येतात आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे बेडौल निघते.