कोकोची साक्ष
रहस्यकथेत मांजराचं काय काम, असं मलाही वाटे. अमेरिकेतल्या पत्रकार लिलियन जॅक्सन ब्रॉन यांचं सयामी मांजर दहाव्या मजल्यावरून पडून मेलं. कुणीतरी ढकललं, असं शेजारी म्हणत. त्या दुःखातून बाईंनी एक कथा लिहिली. पुढे १९६६ मध्ये कोको या मांजराची पहिली कादंबरी आली. १९६८ च्या तिसरीनंतर मात्र तब्बल अठरा वर्षं खंड! १९८६ मध्ये कोको परतला आणि वाचकांनी त्याला डोक्यावर घेतलं. कोको बोलत नाही. पुस्तक खाली पाडतो, नाक खुपसतो. अर्थ लावायचा तो माणसानं. आणि गुन्हेगार सापडतोच.

आमच्या मनीला कुणी विष घातलं, ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. बोललं कुणीच नाही. अम्मी मात्र कितीतरी दिवस दाराशी दुधाची बशी ठेवत राहिली.