वाट्यापासून पाव किलोपर्यंत

खेड्यात मटण वजनावर मिळू लागलं त्याआधी ते वाट्यावर मिळायचं. चार-आठ घरं मिळून बोकड घ्यायची. तो कापला की गोणपाटावर ढीग मांडायचे. प्रत्येक ढिगात थोडं मऊ मांस, थोडं हाड, काळजाचा तुकडा, चरबी, वजडी. मांस साठवायची सोय नव्हती, बोकड त्याच दिवशी संपायला हवा, म्हणून गिऱ्हाइकं आधी जमवावी लागत. पैसे सुगीवर दिले तरी चालत. ऐपतदाराच्या आणि बेताच्या घरात त्या दिवशी शिजणारं मांस एकाच प्रतीचं असे. फरक इतकाच की एक दोन वाटे घेई, दुसरा अर्धा.

वाटा लहान आणि ताटं जास्त, त्यातून मराठी रस्सा पातळ झाला. खोबरं, कांदा, काळा मसाला. मराठवाड्यात धान्य-डाळी भाजून दळलेला येसर. तुकडा दोन-तीनच वाट्याला आला तरी रश्श्यात भाकरी चुरून पोट भरे. हेही जत्रा, नवस, पाहुणा असेल तेव्हाच. एरवी आठवडी बाजारातल्या सुकटीवर भागे.

गावकुसाबाहेर हा वाटाही पोहोचत नसे. मेलेली जनावरं ओढायचं काम महारांवर लादलेलं आणि त्यांचं मांस हा त्याचा मोबदला. एकदम आलेलं मांस पट्ट्या कापून उन्हात वाळवत. त्या चान्या पुढे महिनोन्‌महिने पुरत. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी हे मांस सोडा असं सांगितलं, तेव्हा प्रश्न स्वाभिमानाचा होता. पण ऐकणाऱ्यांना त्यासाठी हातचं अन्नही सोडायचं होतं. त्या स्वयंपाकाची तपशीलवार नोंद शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात २०१५ साली आली. त्याच वर्षी राज्यात गायींपाठोपाठ बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. ‘मोठ्याचं’ म्हणून मिळणारं मांस मटणापेक्षा कितीतरी स्वस्त, त्यामुळे या बंदीची झळ आधी गरिबाच्या चुलीला लागली. म्हशीवर्गाचं मांस तेवढं उरलं.

तोवर स्वस्त मांसाची जागा कोंबडीनं घेतली होती. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुणे हे या धंद्याचं मोठं केंद्र झालं. मका-सोयाबीनच्या खाद्यावर ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंचा होतो. बोकडाला विकण्याजोगं व्हायला आठ-दहा महिने तरी लागतात आणि त्याला चारायला माणूस लागतो. म्हणूनच आज मटणाचा भाव कोंबडीच्या तिप्पट-चौपट आहे. एकेकाळी कोंबडी कापणं म्हणजे पाहुण्याचा मान. आता रोजंदारीवरचा माणूस संध्याकाळी पाव किलो चिकन घेऊन घरी जातो. तेही परवडलं नाही तर त्याच दुकानात पोटा-कलेजी मिळते, कोंबडीचे पाय मिळतात. जत्रेची वाट पाहायची गरज उरली नाही. हातात मजुरी पडली की पुरे.

सरकारी खर्च पाहणीत हा बदल दिसतो. १९९९-२००० मध्ये देशातलं ग्रामीण कुटुंब शंभरातले ५९ रुपये अन्नावर खर्च करी. २०२२-२३ मध्ये ४६. याच काळात धान्यावरचा खर्च २२ रुपयांवरून पाचाच्या आसपास उतरला. त्यात रेशनचाही हात आहे. अंडी-मासे-मांसावरचा खर्च मात्र साडेतीनच्या आतून पाचापर्यंत चढला. धान्यातून मोकळा झालेला पैसा आधी तयार खाद्यपदार्थांकडे आणि फळांकडे गेला, तसा थोडा इकडेही वळला.

पण सरासरीत एक गोष्ट लपते. शेळ्या पाळतात त्या बहुतेक भूमिहीन आणि अल्पभूधारक घरांतल्या बाया. दारात बोकड असतो, तो बकरी ईदच्या बाजारासाठी, नाहीतर पोरीच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी. परसात फिरणारी गावरान कोंबडीही आता हॉटेलच्या पाटीवर चढली आणि ब्रॉयलरहून महाग झाली, म्हणून ती ठेवणारीण ती विकते आणि त्याच पैशातून ब्रॉयलर आणते. वाट्याच्या काळात गावकुसाआतल्या गरिबाला मांस क्वचित मिळे, पण मिळे ते सगळ्यांसारखं. आज ते त्याला वारंवार मिळतं, फक्त वेगळं. त्यामुळे घरात मांस शिजतं की नाही यावरून ऐपत कळायचे दिवस गेले. बोकड कुणी पाळला आणि कुणी खाल्ला, हे विचारलं की ती लगेच कळते.