जोखीम कोणाची आणि मोजणार कोण?

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात नर्मदेच्या काठी मणिबेली हे आदिवासी गाव आहे. सरदार सरोवराच्या भिंतीकडून नदीने वर येऊ लागलो की महाराष्ट्रातले पहिले गाव हेच. महाराष्ट्रातील ३३ गावे या धरणाच्या बुडीत क्षेत्रात आली आणि ती सर्व अक्कलकुवा व अक्राणी या दोन तालुक्यांतली. धरणाच्या दोन वीजगृहांची एकूण क्षमता १४५० मेगावॉट असून त्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. म्हणजे वीज साऱ्या राज्याला आणि बुडीत दोन तालुक्यांना! वीज-उद्योगाने स्वतःच्या जबाबदारीचे नियम कसे लिहिले, या जागतिक इतिहासाचा एक धागा या गावातून निघतो, म्हणून ही वाटणी आधी सांगितली.

जागतिक बँकेने १९८५ साली या प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. खोऱ्यातील लोकांचा विरोध वाढत गेला, तेव्हा १९९१ मध्ये बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांची स्वतंत्र समिती नेमावी लागली. जून १९९२ च्या अहवालात समितीने पुनर्वसनाच्या तयारीवर कडक ताशेरे ओढले. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज स्वतःच नाकारले. जून १९९४ मध्ये ४४ देशांतील ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसे देणे थांबवावे, अशी मागणी करणारे निवेदन काढले. त्याचे नाव ‘मणिबेली जाहीरनामा’. एप्रिल १९९७ मध्ये स्वित्झर्लंडमधील ग्लँड येथे ३९ माणसे एकत्र बसली. धरण बांधणारे, यंत्रे पुरवणारे, कर्ज देणारे आणि धरणाला विरोध करणारे, सारे एकाच खोलीत. तेथेच जागतिक धरण आयोगाची कल्पना ठरली.

दक्षिण आफ्रिकेचे मंत्री कादर अस्मल यांच्या अध्यक्षतेखाली मे १९९८ मध्ये आयोगाचे काम सुरू झाले. (नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा त्यानंतर दोनच महिन्यांनी, १ जुलै १९९८ रोजी झाला, जाहीरनाम्याच्या वेळी मणिबेली धुळे जिल्ह्यात होते.) वीजयंत्रे बनवणाऱ्या एबीबी कंपनीचे प्रमुख योरान लिंडाल आणि मेधा पाटकर हे दोघेही या आयोगाचे सदस्य होते. १६ नोव्हेंबर २००० रोजी लंडनमध्ये नेल्सन मंडेला यांच्या उपस्थितीत अहवाल प्रसिद्ध झाला.

त्यातील एक आकडा वर्गात फळ्यावर लिहिण्याजोगा आहे. जगात सुमारे ४५,००० मोठी धरणे आणि त्यांनी विस्थापित केलेली माणसे ४ ते ८ कोटी. सरदार सरोवराची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर, अशी सेंटिमीटरपर्यंत सांगता येते. माणसांच्या संख्येत मात्र दुपटीचा फरक. प्रयोगशाळेत एवढी त्रुटी आली तर आपण उपकरण तपासतो. येथे उपकरणाचा दोष नव्हता, मोजण्याचीच तसदी फारशी कोणी घेतलेली नव्हती.

मजुरांचीही हीच कथा. अमेरिकेतील हूवर धरणावर (१९३१–३६) अधिकृत मृत्यू ९६. बोगद्यात पेट्रोलवरच्या ट्रकांचा धूर कोंडे. त्यातील कार्बन मोनॉक्साइडने आम्ही आजारी पडलो, असा दावा कामगारांनी कोर्टात लावला. कंत्राटदारांनी तो बाहेरच मिटवला. न्यूमोनिया म्हणून नोंदलेले मृत्यू त्या ९६ मध्ये धरलेलेच नाहीत.

आयोगाने येथे एक उपयुक्त फरक केला. सरकार आणि गुंतवणूकदार जोखीम स्वखुशीने पत्करतात, पण त्याहून कितीतरी अधिक लोकांवर ती लादली जाते. पहिल्यांची जोखीम मोजायला हिशेबनीस असतो, दुसऱ्यांच्या जोखमीला निर्णयाच्या वेळी जागाच नसते. पोटासाठी बोगद्यात उतरणारा मजूर आमच्या मते दुसऱ्याच गटातला.

भारत सरकारने अहवाल स्वीकारला नाही. जागतिक बँकेनेही त्यातील मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली नाहीत. मेधा पाटकरांनी त्याला आपले वेगळे टिपण जोडले होते. तरी विषय मिटला नाही. जून २००३ मध्ये १० खाजगी बँकांनी मोठ्या प्रकल्पांच्या कर्जासाठी सामाजिक व पर्यावरणीय अटींचा ‘इक्वेटर’ नियमसंच स्वीकारला. २००८ साली जलविद्युत कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सरकारे, बँका आणि काही स्वयंसेवी संस्थांना बरोबर घेऊन मंच स्थापला. त्यातून २०१० मध्ये मूल्यमापनाची पद्धत तयार झाली. तीत पुनर्वसन, कामगार व कामाची परिस्थिती अशा विषयांना १ ते ५ गुण देतात. ३ म्हणजे चांगले, ५ म्हणजे उत्तम. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल नाही, त्यामुळे कामगारांच्या विषयात १ गुण मिळाला तरी प्रकल्प थांबत नाही. आमच्या दृष्टीने मोजपट्टी तयार झाली, हे पाऊल पुढेच आहे. मात्र ग्लँडच्या खोलीत धरणाच्या विरोधकांनाही खुर्ची होती. २००८ च्या मंचावर धरणग्रस्तांच्या स्वतःच्या संघटना नव्हत्या.