पद्माळे ते जिनिव्हा, व्हाया पलूस

डंकेल हे नाव आपल्या पिढीला माहीत असायचं काही कारण नाही. गॅट या व्यापार कराराचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी डिसेंबर 1991 मध्ये एक मसुदा मांडला आणि पुढची दोन-तीन वर्षं आपल्याकडे त्यावरून भरपूर रणधुमाळी झाली. आमच्या पलूसला जुन्या माणसांना विचारलं तर "ते बियाण्यांचं काहीतरी होतं बघ" एवढं आठवतं. बियाणं, पेटंट, सबसिडी हे शेतकऱ्याला लगेच भिडणारे विषय, त्यामुळे आरडाओरडा त्यावरच झाला. त्याच गठ्ठ्यात सेवांच्या व्यापाराचाही एक करार होता, गॅट्स नावाचा. 1994 मध्ये माराकेशला सह्या झाल्या आणि 1 जानेवारी 1995 पासून तो लागू झाला. तुमच्या-माझ्या पगाराशी आणि आपल्या शाळा-दवाखान्यांशी खरा संबंध या करंट्या, दुर्लक्षित कराराचा आहे.

आता सेवेचा व्यापार म्हणजे काय? द्राक्षाची पेटी कंटेनरमध्ये बसते, बंदरावर मोजता येते, तिच्यावर जकात लावता येते. शिकवणं किंवा ऑपरेशन करणं कसं मोजणार? म्हणून गॅट्सने चार प्रकार पाडले. हिंजवडीत बसून क्लायंटला कोड पाठवला तर पहिला. पोरगी शिकायला मेलबर्नला गेली तर दुसरा. परदेशी विद्यापीठाने इथे येऊन कॅम्पस काढला तर तिसरा. आणि तुम्ही स्वतः ऑनसाइटला गेलात तर चौथा. भारताला सगळ्यात जास्त रस या चौथ्यात. कारण उघड आहे, आपण!

करार वाचताना (हो, वीकांताला लोक ट्रेकला जातात, मी हे वाचतो) पहिल्याच कलमात एक सूट दिसते. सरकारी अधिकारात पुरवलेल्या सेवा कराराच्या बाहेर. म्हणजे सरकारी शाळा, दवाखाने सुरक्षित, असं वाटून माणूस पुढे जातो. पण खाली व्याख्या आहे: अशी सेवा व्यापारी तत्त्वावर दिलेली नसावी, आणि इतर कुठल्या पुरवठादाराशी स्पर्धेतही नसावी. दोन्ही अटी हव्यात. "स्पर्धा" म्हणजे नेमकं काय, हे करारात लिहिलेलंच नाही.

इथे आपला सांगली जिल्हा येतो. 1983 मध्ये मुख्यमंत्री होते वसंतदादा पाटील, मूळ गाव पद्माळे, आमच्यापासून तासाभराच्या आत. महाराष्ट्रातली पोरं डोनेशन भरून कर्नाटकात इंजिनिअरिंगला जात होती. तो पैसा आणि ती पोरं इथेच राहावीत म्हणून दादांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. साखराळ्याचं राजारामबापू इन्स्टिट्यूट त्याच वर्षीचं. पुढे पलूस-कडेगावचे आमदार झालेल्या पतंगराव कदमांनी 1964 मध्ये भारती विद्यापीठ स्थापलं होतं, त्यांचं पुण्यातलं इंजिनिअरिंग कॉलेजही 1983 चंच. सांगलीचं वालचंद कॉलेज तेव्हा आधीपासून होतंच. 1947 चं, पण तिथे जागा किती?

या निर्णयाला नुसती नावं ठेवणं मला जमत नाही. मी स्वतः असल्याच एका कॉलेजातून बाहेर पडलोय. ती नसती तर पलूसची निम्मी पोरं आज पुण्यात दिसली नसती. डोनेशनचा धंदाही लगोलग सुरू झाला, इतका की 1987 मध्ये राज्याला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. पण याचा एक परिणाम तेव्हा कुणाच्या डोक्यातही आला नसेल. अकरा वर्षांनी जिनिव्हातल्या वाटाघाटींतून जे कलम पक्कं झालं, त्याच्या भाषेत आपलं उच्च शिक्षण आधीच "स्पर्धेत" आणि "व्यापारी तत्त्वावर" जाऊन बसलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काढलेल्या रयतला हे शब्द लावायचे का? रयत व्यापारी नाही, सरकारीही नाही, आणि शेजारच्या इंग्लिश मीडियमशी तिची स्पर्धा रोजची आहे. जिनिव्हाच्या चौकटीत असलं काही नीट बसतच नाही.

मग आपलं शिक्षण आजवर कराराबाहेर राहिलं कसं? त्या सूटीमुळे नाही. गॅट्समध्ये प्रत्येक देश आपली यादी देतो. यादीत जे क्षेत्र लिहाल, तिथे बाजार खुला ठेवायचं बंधन. 1994 च्या आपल्या यादीत शिक्षण नव्हतं, एवढंच. हॉस्पिटलं मात्र होती, 51 टक्के परदेशी भांडवलाच्या मर्यादेसह. पुढे सरकारने स्वतःहून ती मर्यादा 100 टक्क्यांवर नेली. उद्या परत 51 वर आणली तर कराराचा भंग होत नाही. त्याच्या खाली आणली तर होतो. म्हणजे कॉन्फिग फाईलमधली सेटिंग कधीही बदला, पण पब्लिश केलेला एपीआय बदलायचा म्हटलं की सगळे क्लायंट अंगावर येतात.

यादीतला एक शब्द किती महागात पडतो ते अमेरिकेला विचारा. त्यांनी "इतर करमणूक सेवा" असं मोघम लिहून ठेवलं होतं. अँटिग्वा नावाच्या चिमुकल्या देशाने दावा लावला की यात ऑनलाइन जुगारही येतो. "आमचा तसा हेतू नव्हता," असं अमेरिका सांगत राहिली, पण 2005 मध्ये हरली. 2007 मध्ये तिने ते वचन मागे घ्यायचं ठरवलं, तेव्हा इतर देशांना दुसऱ्या क्षेत्रांत भरपाई म्हणून सवलती द्याव्या लागल्या.

आता 2005 चा ऑगस्ट. सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या इनामदार खटल्यात निकाल दिला: विनाअनुदानित कॉलेजांवर सरकार आपला कोटा लादू शकत नाही, पण कॅपिटेशन फी आणि नफेखोरीही चालणार नाही. त्याच महिन्यात भारताने डब्ल्यूटीओत सुधारित प्रस्ताव दिला आणि त्यात प्रथमच उच्च शिक्षण होतं! सोबत अट: फी ठरवायचा अधिकार इथल्या यंत्रणेला राहील, आणि कॅपिटेशन फी व नफेखोरी चालणार नाही. सांगली-कोल्हापूरकडचा डोनेशन हा विषय सरकारी इंग्रजीत थेट जिनिव्हाला पोचला. वाचताना मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

बदल्यात मागणी काय होती? चौथा प्रकार. आपले व्हिसा. अमेरिकेने आपल्या यादीत वर्षाला 65,000 हा एच-वन-बीचा आकडा लिहून दिलाय, आपल्याला त्याहून जास्त हवं होतं. म्हणजे या तराजूच्या एका पारड्यात तुम्ही-मी होतो आणि दुसऱ्यात विद्यापीठं. माझं मत स्पष्ट आहे: हा सौदा नको होता. व्हिसाचं आश्वासन मिळूनही काय होतं, ते आपण पाहिलंय. 2016 मध्ये भारताने वाढीव व्हिसा फीबद्दल अमेरिकेविरुद्ध तक्रार केली, ती सल्लामसलतीच्या पुढे गेली नाही. सप्टेंबर 2025 मध्ये तर नव्या एच-वन-बीवर एक लाख डॉलरची फी आली. आणि विद्यापीठं एकदा यादीत गेली की परत काढताना भरपाई आपण द्यायची.

दोहा फेरी रखडली आणि तो प्रस्ताव वचन न बनता तसाच पडून राहिला. 2015 मध्ये नैरोबीच्या परिषदेआधी विद्यार्थी-शिक्षक संघटना "शिक्षण डब्ल्यूटीओत देऊ नका" म्हणत रस्त्यावर उतरल्या, तेव्हाही तो अधांतरीच होता.

गंमत म्हणजे दारं तरीही उघडलीच. 2023 मध्ये यूजीसीने परदेशी विद्यापीठांच्या कॅम्पससाठी नियम काढले आणि 2025 मध्ये नवी मुंबईसाठी पाच विद्यापीठांना इरादापत्रं मिळाली. त्यांची फी पलूसच्या द्राक्षबागायतदाराला झेपणारी असेल असं मला वाटत नाही. पण हे सगळं यूजीसीच्या नियमावलीतून झालंय, जिनिव्हातल्या यादीतून नाही. उद्या कुठल्या सरकारला फेरविचार करावासा वाटला तर राजपत्रातली एक अधिसूचना पुरते.